चिटाचा फ्रॉक, उन्हाची टोपी आणि पायात घुंगरं: लंडनच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या ‘गावरान’ पोशाखाची गोष्ट

सोशल मीडियावर जुन्या इंग्लंडचे काही फोटो अधूनमधून फिरत असतात. फुलाफुलांचे फ्रॉक घातलेल्या मुली, डोक्यावर चेहरा झाकणारी कापडी टोपी, पायांना घुंगरांच्या पट्ट्या आणि हातात पांढरे रुमाल. फोटोखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते, ‘इंग्लंडमधल्या खेड्यातला पारंपरिक नाच’.

अशा फोटोंमधल्या एका गाजलेल्या गटातल्या मुली मात्र खेड्यातल्या नव्हत्या. त्या लंडनच्या गजबजलेल्या वस्तीत राहायच्या आणि त्यांच्यापैकी अनेकजणी शिवणकामाच्या कारखान्यांत काम करायच्या. दिवसभर श्रीमंत बायकांचे गाऊन शिवायचे आणि संध्याकाळी क्लबमध्ये येऊन नाचायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. त्यांचा ‘जुना’ वाटणारा पोशाखही फार जुना नव्हता.

थोडक्यात महत्त्वाचं

- क्लबचं नाव ‘एस्पेराँस’. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘आशा’. स्थापना १८९५, ठिकाण लंडन.
- संस्थापक मेरी नील आणि एमेलीन पेथिक.
- नाच ‘मॉरिस’ या इंग्लिश लोकनृत्याचा.
- पोशाखात सुती फ्रॉक, उन्हाची टोपी, घुंगरं आणि रुमाल.
- पोशाखाची कल्पना खेड्यातून जितकी आली, तितकीच लंडनमधल्या चित्रपुस्तकांतून आणि दुकानांतून.

## त्या काळातली बाई रोज काय घालायची?

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी होती. तिच्या शेवटच्या वीसेक वर्षांना ‘उत्तर व्हिक्टोरियन काळ’ म्हणतात. या काळात मध्यमवर्गीय इंग्लिश बाईच्या अंगावर एकावर एक कपड्यांचे थर असायचे. सगळ्यांत आत सुती शेमीज आणि चड्डी, त्यावर कमरेला आवळून धरणारा कॉर्सेट, मग एक-दोन परकर, त्यावर अस्तर लावलेला स्कर्ट आणि काड्या घालून ताठ केलेली घट्ट चोळी.

स्कर्ट जमिनीला टेकायचा. पावसाळी रस्त्यावरून चालताना एका हाताने तो उचलून धरावा लागायचा. चोळीच्या बाह्यांची फॅशन तर दर काही वर्षांनी बदलायची. १८९५-९६ च्या सुमारास खांद्याजवळ फुग्यासारख्या फुगलेल्या आणि मनगटाजवळ घट्ट असलेल्या बाह्यांचा कळस झाला होता.

याविरुद्ध आवाज उठू लागला होता. १८८१ मध्ये लंडनमध्ये ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ स्थापन झाली. बायकांचे कपडे हलके आणि मोकळे असावेत, ही तिची मागणी होती. बूट सोडून आतल्या कपड्यांचं एकूण वजन ७ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ३ किलोंपेक्षा, जास्त नसावं असं या संस्थेच्या पत्रिकेने म्हटलं होतं. सुधारकांनी सांगितलेली ही कमाल मर्यादा आहे. त्यावरून प्रत्यक्षात बायका किती ओझं वागवत असतील, याचा अंदाज येतो.

अशा कपड्यांत बॉलरूममधला सावकाश नाच जमायचा. उडी मारायची, पाय झटकायचा, हात डोक्याच्या वर न्यायचा म्हटलं तर शिवण उसवायची किंवा श्वास अडकायचा.

## हे कपडे शिवायचं कोण?

फॅशनचा हा सगळा डोलारा शिवणाऱ्या मुलींच्या हातांवर उभा होता. शिवणयंत्र १८५० च्या दशकापासून बाजारात होतं. तरी उंची गाऊनचं बरंचसं काम, म्हणजे चुण्या, लेस, मणी, हेमिंग, हुक, हातानेच व्हायचं.

लंडनमधल्या शिवणकामाला ‘सीझन’ होता. वसंतापासून जुलैपर्यंत श्रीमंतांच्या मेजवान्या, दरबार, लग्नं असायची. तेव्हा ऑर्डरी एकदम यायच्या आणि मुलींना रात्र-रात्र बसावं लागायचं. सीझन संपला की काम नाही आणि पगारही नाही. कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आली होती, पण या धंद्याला हंगामात जादा तासांची सवलत मिळायची.

याची टोकाची किंमत १८६३ मध्ये जगाला दिसली. मेरी अ‍ॅन वॉकली ही २० वर्षांची मुलगी लंडनमधल्या एका नामांकित शिवणगृहात काम करत होती. राजघराण्याशी संबंधित समारंभासाठी गाऊन तयार करायचे होते. इतर ६० मुलींबरोबर सलग साडेसव्वीस तास काम केल्यावर ती आजारी पडली आणि तिचा मृत्यू झाला. वर्तमानपत्रांत ही बातमी गाजली. कार्ल मार्क्सने ‘दास कॅपिटल’च्या १८६७ च्या पहिल्या खंडात तिचा उल्लेख केला.

त्यानंतर तीस वर्षांनीही कमी मजुरी, कोंदट खोल्या आणि बेभरवशाचं काम हे प्रश्न संपले नव्हते. अशा पिळवणुकीच्या धंद्यांना इंग्लंडमध्ये ‘घाम काढणारे धंदे’ असंच नाव पडलं होतं. १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने त्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली.

## एस्पेराँस क्लब म्हणजे काय होतं?

मेरी नील ही १८६० साली बर्मिंगहॅममधल्या सुखवस्तू घरात जन्मलेली मुलगी. १८८८ मध्ये ती लंडनमधल्या ‘वेस्ट लंडन मिशन’ या मेथडिस्ट संस्थेत गरीब वस्तीत काम करायला आली. तिथे तिने कामकरी मुलींसाठी संध्याकाळचा क्लब चालवायला घेतला. पुढे एमेलीन पेथिक तिला येऊन मिळाली.

१८९५ मध्ये दोघींनी मिशन सोडलं आणि कंबरलँड मार्केट भागात स्वतःचा ‘एस्पेराँस गर्ल्स क्लब’ सुरू केला. दिवसभर वाकून सुई चालवणाऱ्या मुलींना संध्याकाळी गाणी, नाटुकली, व्यायाम, गप्पा यांसाठी हक्काची जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू होता.

पण संध्याकाळचे दोन तास आनंदात गेले तरी दिवसाचे बारा तास तेच राहत होते. म्हणून १८९७ मध्ये दोघींनी ‘मेझों एस्पेराँस’ हे सहकारी तत्त्वावरचं शिवणगृह काढलं. तिथे कामाचा दिवस ८ तासांचा ठरवण्यात आला. आठवड्याला किमान १५ शिलिंग मजुरी आणि वर्षाकाठी सुट्टीही होती. २० शिलिंगांचा एक पौंड व्हायचा, म्हणजे ही मजुरी पाऊण पौंडाची. आज ही रक्कम किरकोळ वाटते. पण ‘किमान मजुरी’ हा शब्दच त्या धंद्यात नवखा होता, हे लक्षात घेतलं तर त्याचं महत्त्व कळतं.

## मॉरिस नाच या मुलींपर्यंत कसा पोहोचला?

मॉरिस हा इंग्लंडमधला जुना लोकनाच. १४४८ मध्ये लंडनच्या सोनारांच्या संघाने मॉरिस नाचणाऱ्यांना ७ शिलिंग दिल्याची नोंद आहे. ऑक्सफर्डच्या आसपासच्या खेड्यांत तो साधारण सहाजणांच्या गटात, बहुतेक ठिकाणी पुरुष नाचायचे. पायांना घुंगरं, हातात रुमाल किंवा काठ्या असायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बहुतेक गावांत तो बंद पडत आला होता.

२६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमध्ये एक घटना घडली. कडक थंडीमुळे गवंडीकाम थांबलं होतं. खरं तर मॉरिसचा मोसम उन्हाळ्याच्या तोंडावर, पण चार पैसे मिळावेत म्हणून तिथल्या मजुरांनी भर हिवाळ्यात नाच बाहेर काढला. एका घरापुढे ते नाचत असताना आत पाहुणा म्हणून उतरलेला संगीतशिक्षक सेसिल शार्प ते बघत होता. त्याने कॉन्सर्टिना वाजवणाऱ्या विल्यम किंबरला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि पाच चाली लिहून घेतल्या. किंबर स्वतः गवंडी होता.

या चाली काही वर्षं शार्पच्या वहीत पडून होत्या. १९०५ मध्ये एस्पेराँस क्लबचे संगीत दिग्दर्शक हर्बर्ट मॅकिलवेन यांनी सुचवल्यावरून मेरी नील शार्पला भेटली. मुलींना इंग्लिश लोकगीतं शिकवून झाली होती. त्यांच्या जोडीला नाचही मिळतील का, असं तिने विचारलं. शार्पने किंबरचं नाव सांगितलं. नील थेट ऑक्सफर्डकडे निघाली, किंबरला शोधून काढलं आणि त्याला त्याच्या एका नातेवाइकासह लंडनला बोलावलं.

गवंडीकाम करणाऱ्या दोन पुरुषांनी शिवणकाम करणाऱ्या मुलींना नाच शिकवला. मुलींनी तो भराभर आत्मसात केला आणि त्या वर्षीच्या नाताळात सादरही केला. एप्रिल १९०६ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये त्यांचा जाहीर कार्यक्रम झाला.

पुढच्याच महिन्यात, मे १९०६ मध्ये, त्याच क्वीन्स हॉलमध्ये ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्राने ‘घाम काढणाऱ्या धंद्यां’चं प्रदर्शन भरवलं. तिथे शिवणकामासह वेगवेगळ्या धंद्यांतल्या मजूर बायका प्रेक्षकांसमोर बसून प्रत्यक्ष काम करून दाखवत होत्या आणि त्या कामाला किती मजुरी मिळते, हे लोकांना कळत होतं. एका महिन्याच्या अंतराने एकाच इमारतीत लंडनकरांना कामकरी बाईची दोन रूपं दिसली.

## नाचाच्या पोशाखात काय काय असायचं?

फ्रॉक. छापील सुती कापडाचा, धुता येणारा आणि घोट्याच्या वर संपणारा. जमिनीवर लोळणारा घेर नसल्यामुळे पाय मोकळे राहायचे आणि घुंगरं दिसायची. अशा छापील सुती कापडाच्या एका प्रकाराला इंग्लिशमध्ये ‘चिंट्झ’ म्हणतात. हा शब्द भारतातून तिकडे गेला. आपल्या ‘चीट’ आणि हिंदीतल्या ‘छींट’ यांचा तो सख्खा नातलग. सतराव्या शतकापासून भारतीय छापील कापड जहाजांनी इंग्लंडला जायचं. नंतर इंग्लंडच्या गिरण्यांनीच ते स्वस्तात छापायला सुरुवात केली आणि एकोणिसाव्या शतकात ते तिथल्या गरिबाघरचं कापड झालं.

उन्हाची टोपी. इंग्लिशमध्ये हिला ‘सनबॉनेट’ म्हणतात. शेतात काम करणाऱ्या बायकांची ही टोपी. पुढची कड खोल असते, त्यामुळे चेहऱ्यावर सावली पडते. मागे मानेवर कापडाची झालर सोडलेली असते, ती मान भाजू देत नाही. कड ताठ राहावी म्हणून दोन पदरांमध्ये दोऱ्या घालून जवळजवळ टीप मारतात किंवा कापडाला खळ देतात. अनेक टोप्यांना मागे नाड्या असतात. त्या सोडल्या की टोपी सपाट होते आणि इस्त्री करणं सोपं जातं. शेतातल्या बाईचं डोकं किती व्यवहारी होतं, ते या एका वस्तूत दिसतं.

घुंगरं. मॉरिसमधली घुंगरं घोट्याला नसतात, गुडघ्याखाली नडगीवर असतात. चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या उभ्या पट्ट्यांवर छोटी घुंगरं शिवून तो तुकडा पायाला बांधतात. आपल्याकडच्या चाळांसारखंच हे ओझं वागवत प्रत्येक पावलाचा ठोका ऐकू यावा लागतो. पाऊल चुकलं की सगळ्यांना कळतं.

रुमाल. प्रत्येक हातात एक. हात वर उडाले की रुमालाची रेघ हवेत उमटते. त्यासाठी बाहीला काखेत पुरेशी ढील हवी, नाहीतर हात खांद्याच्या वर जात नाही.

चुण्यांची नक्षी. खेड्यातल्या मजुराचा स्मॉक हाही या काळात नाचाच्या आणि जत्रेच्या पोशाखांत लोकप्रिय झाला. तो मुळात पुरुषांचा अंगरखा. त्याची बेतणी जवळजवळ सगळी चौकोनी तुकड्यांची असते, त्यामुळे कापड वाया जात नाही. काखेत लहान चौकोनी तुकडा जोडला की हात फिरायला मोकळा होतो. छातीवर आणि मनगटावर जे टाके असतात ते ‘स्मॉकिंग’. आधी समान अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या, दोरे ओढून कापडाच्या बारीक चुण्या करायच्या आणि त्या चुण्यांच्या माथ्यावर भरतकामाचे टाके घालायचे. शेवटी धावदोरे काढून टाकायचे. रबरी इलॅस्टिक नसतानाही कापड ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. लहान मुलींच्या फ्रॉकवर आजही हेच काम केलं जातं.

## मग हा पोशाख ‘पारंपरिक’ होता का?

अर्धा होता. उन्हाची टोपी आणि छापील फ्रॉक इंग्लंडच्या खेड्यांत खरोखर वापरात होते. पण ते कामाचे कपडे होते, मॉरिसचे नव्हते. हेडिंग्टनचे मॉरिस नाचणारे पुरुष पांढरे शर्ट-पँट घालायचे, छातीवर फुलीसारखे पट्टे आणि रिबिनी लावायचे. मुलींच्या गटासाठी मॉरिसचा तयार पोशाख परंपरेत मिळण्यासारखा नव्हताच. तो रचावा लागला.

रचताना नमुना कुठला होता? उत्तर व्हिक्टोरियन लंडनमध्ये ‘जुनं सुंदर खेडं’ ही एक मोठी फॅशन होती. तिचे तीन ठळक धागे दिसतात.

पहिला धागा केट ग्रीनअवे. १८७९ मध्ये तिचं ‘अंडर द विंडो’ हे मुलांचं चित्रपुस्तक आलं आणि तुफान चाललं. तिच्या चित्रांतल्या मुली उंच कमरेचे फ्रॉक, स्मॉक आणि मोठ्या टोप्या घालून हिरवळीवर खेळतात. ते कपडे तिच्या काळातले नव्हते, साधारण ऐंशी वर्षांपूर्वीचे होते. पण लोकांना ते इतके आवडले की खऱ्या मुलांसाठी तसे कपडे शिवले जाऊ लागले.

दुसरा धागा लिबर्टी. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या या दुकानाने १८८४ मध्ये पोशाखांचा स्वतंत्र विभाग उघडला. त्याची जबाबदारी वास्तुविशारद ई. डब्ल्यू. गॉडविनकडे होती. तिथे सैलसर, स्मॉकिंग केलेले गाऊन विकले जायचे. शेतमजुराच्या अंगरख्यावरचे टाके अशा रीतीने श्रीमंत दिवाणखान्यात पोहोचले, तेही खेड्यातले मजूर स्मॉक घालायचं सोडून देत होते त्याच काळात.

तिसरा धागा ‘मे क्वीन’. १८८१ मध्ये लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किनच्या पुढाकाराने लंडनच्या व्हाइटलँड्स या शिक्षिका-प्रशिक्षण कॉलेजात दरवर्षी वसंतराणी निवडायची प्रथा सुरू झाली. राणीसाठी खास गाऊन शिवला जायचा. जुन्या वसंतोत्सवाची ही नव्याने बांधलेली आवृत्ती होती आणि ते गाऊन जपूनही ठेवले गेले.

हौशी बायकांना हे घरी शिवणंही शक्य झालं होतं. १८६० च्या दशकापासून कागदी बेतणी विकत मिळू लागल्या होत्या. १८८० च्या दशकात ‘वेल्डन्स’सारख्या स्वस्त मासिकांतून स्मॉकिंगचे टाके चित्रांसह समजावून सांगितले जात होते. ज्या टाक्यांची खेड्यांतल्या बायकांनी कधी पुस्तकं वाचली नव्हती, ते आता शहरातल्या बायका मासिकात बघून शिकत होत्या.

एस्पेराँसचा पोशाख याच हवेतला आहे. फरक एवढाच, की तो घालणाऱ्या मुलींना प्रत्येक टाक्याची किंमत माहीत होती. ग्राहकाच्या गाऊनवर घातलेला टाका आठवड्याच्या मजुरीत मोजला जायचा. या फ्रॉकमध्ये त्या पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला सजवण्याऐवजी स्वतः लोकांसमोर उभ्या राहत होत्या. त्यातली उडी, उंचावलेले हात, मोकळी कंबर हे सगळं त्यांच्या कामाच्या दिवसाच्या नेमकं उलट होतं.

## मुली शिक्षिका झाल्या, आणि वाद सुरू झाला

क्वीन्स हॉलच्या कार्यक्रमानंतर गावोगावहून बोलावणी यायला लागली. एस्पेराँसच्या मुली शिक्षिका म्हणून देशभर फिरल्या. शिवणकाम करणाऱ्या मुलीने शाळेतल्या शिक्षकांना नाच शिकवायचा, ही त्या वर्गबद्ध समाजात लहान गोष्ट नव्हती. क्लबची प्रमुख नर्तकी फ्लॉरी वॉरन १९१० च्या डिसेंबरमध्ये नीलबरोबर अमेरिकेला गेली आणि पुढे तिथेच लग्न करून स्थायिक झाली.

१९०७ मध्ये शार्प आणि मॅकिलवेन यांचं ‘द मॉरिस बुक’ आलं. ते एस्पेराँसच्या मुलींनाच अर्पण केलेलं होतं. पण लवकरच शार्प आणि नील यांच्यात फाटलं.

शार्पचं म्हणणं असं, की लोकनाच ही कला आहे, तिची पावलं अचूक नोंदवली पाहिजेत आणि प्रशिक्षित शिक्षकांनीच ती शिकवली पाहिजेत. नीलचं म्हणणं असं, की हा नाच कामकरी माणसांचा आहे, तो त्यांच्याकडून त्यांच्याचसारख्यांकडे जावा आणि त्यात जीव असणं पावलाच्या मापापेक्षा महत्त्वाचं आहे. तिने १९१० मध्ये ‘द एस्पेराँस मॉरिस बुक’ काढलं.

१९०९ मध्ये ब्रिटिश शिक्षण मंडळाने शाळांच्या व्यायामाच्या अभ्यासक्रमात लोकनाचांना जागा दिली. त्यामुळे कोणाची पद्धत शिकवायची, हा प्रश्न नोकऱ्यांचा आणि अधिकाराचाही झाला. शार्पने चेल्सीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये प्रशिक्षण सुरू केलं आणि १९११ मध्ये ‘इंग्लिश फोक डान्स सोसायटी’ स्थापन केली. शार्पची बाजू वरचढ ठरली.

दरम्यान, एमेलीन पेथिक लग्नानंतर पेथिक-लॉरेन्स झाली होती आणि बायकांच्या मताधिकाराच्या लढ्यात उतरली होती. या लढ्यातल्या ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ची ती खजिनदार. नीलही या संघटनेच्या लंडनमधल्या सुरुवातीच्या समितीत होती. संघटनेचे जांभळा, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग १९०८ मध्ये एमेलीननेच सुचवले. टोपीवरची रिबीन, कमरपट्टा, फ्रॉक यांतून हे रंग मिरवत हजारो बायका रस्त्यावर आल्या. कपडा हे सांगण्याचं साधन असतं, याची जाण या दोन मैत्रिणींना चांगलीच होती.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि क्लबचं काम थांबलं.

## जुना पोशाख खरंच ‘व्हिक्टोरियन’ आहे का, हे कसं ओळखतात?

इंटरनेटवर ‘१८९० चा हाताने शिवलेला पोशाख’ अशी ओळ लिहिलेले अनेक कपडे दिसतात. कपड्यांचे अभ्यासक काही गोष्टी आधी बघतात.

- कपडा बंद कशाने होतो? हुक, बटणं, नाड्या असतील तर काळ जुळू शकतो. मूळ शिलाईतच चेन असेल तर कपडा बराच नंतरचा. बायकांच्या कपड्यांत चेन १९३० च्या दशकात रुळली.
- हाताची शिलाई आहे की यंत्राची? ‘हाताची शिलाई म्हणजे जुनं’ हा गैरसमज आहे. १८९० च्या कपड्यांत लांब शिवणी बहुतेक वेळा यंत्राच्या आणि हेमिंग, हुक, सजावट हाताची असते. दोन्ही एकत्र दिसणं हीच त्या काळाची खूण.
- आत काय आहे? फॅशनच्या चोळीला अस्तर, काड्या आणि कमरेला आतून पट्टी असते. नाचाच्या किंवा कामाच्या साध्या सुती फ्रॉकमध्ये हे नसू शकतं.
- रंग कुठला? १८५६ मध्ये विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग बनवला. त्यानंतर भडक रासायनिक रंग आले. त्यामुळे जुना कपडा फिकटच असणार, असं नाही.
- झीज कुठे आहे? काखेत घामाचे डाग, दुमडीची कड झिजलेली, शिवणी पुन्हा मारलेल्या दिसल्या, तर कपडा खरोखर वापरलेला. फोटोपुरत्या शिवलेल्या पोशाखात या खुणा नसतात.
- कपडा किती वेळा बदलला? कापड महाग, म्हणून फ्रॉक उसवून, सैल करून, लहान बहिणीसाठी आखूड करून वापरला जायचा. जुन्या टाक्यांची भोकं हे सांगतात.

शेवटच्या दोन मुद्द्यांमुळे आणखी एक गोष्ट कळते. संग्रहालयांत श्रीमंतांचे गाऊन भरपूर सापडतात, कामकरी बायकांचे साधे कपडे फार कमी. कारण ते फाटेपर्यंत वापरले गेले आणि मग त्यांची फडकी झाली. म्हणून नाचाच्या पोशाखातल्या कामकरी मुलींचे फोटो मोलाचे ठरतात. कापड उरलं नाही तरी त्याचा बेत आणि ते घालणाऱ्यांचे चेहरे त्यात राहिले आहेत.

## पुढे काय झालं?

मॉरिस टिकला, पण त्याचा इतिहास बराच काळ शार्पभोवती लिहिला गेला. १९३४ मध्ये पुरुषांच्या गटांचा ‘मॉरिस रिंग’ हा संघ झाला आणि ‘मॉरिस हा पुरुषांचाच नाच’ ही समजूत घट्ट बसली. १९७५ मध्ये बायकांच्या गटांनी स्वतःचा संघ काढला. आज इंग्लंडमध्ये बायकांचे आणि मिश्र गट सर्रास दिसतात. विसाव्या शतकात हा नाच पुन्हा उभा राहिला तो मुलींच्या पायांवर, ही गोष्ट मात्र अनेक वर्षं मागे पडली होती.

मेरी नीलला १९३७ मध्ये ‘सीबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला. १९४४ मध्ये तिचं निधन झालं. क्वीन्स हॉल १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला होता. नीलची कागदपत्रं आज लंडनच्या लोकनृत्य संस्थेच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. कंबरलँड मार्केटपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच्या या इमारतीचं नाव आहे ‘सेसिल शार्प हाउस’.